पेशींची पकड आणि प्रतिपिंडांची पारख : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्या अभ्यासक्रमात मोनोक्लोनल प्रतिपिंडांचा विषय ‘निदान आणि उपचार’ एवढ्या दोन शब्दांत आटोपतो. पेशी ज्या ग्राहींच्या साहाय्याने एकमेकींना किंवा आधाराला चिकटतात, त्या ग्राहींच्या, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील पकड घेणाऱ्या रेणूंच्या, अभ्यासात या प्रतिपिंडांचा वाटा नेमका कोणता? सशाला टोचून मिळवलेले नेहमीचे अँटिसीरम त्यासाठी पुरत नाही का?

उत्तर : प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी प्लॅस्टिकला चिकटल्या आहेत असे आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात वाढीच्या माध्यमात घातलेल्या सीरममधील फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही प्रथिने आधी बशीच्या तळावर बसतात आणि पेशी त्या थराला धरते. १९७० च्या दशकाअखेरीस फायब्रोनेक्टिनची चांगली ओळख झाली होती, पण त्याला पेशीच्या बाजूने धरणारा हात कोणता, हे कोणालाच सापडत नव्हते. त्याचे कारण त्या पकडीच्या स्वभावात आहे. एकेका रेणूची पकड सैल असते; असे असंख्य रेणू एकाच वेळी धरतात म्हणून पेशी घट्ट बसते. पेशीपटल विरघळवून हे रेणू सुटे केले आणि फायब्रोनेक्टिन बसवलेल्या कणांनी भरलेल्या नळीतून, म्हणजे स्तंभातून, ते द्रावण सोडले, तर एकटा पडलेला ग्राही तेथे टिकून राहत नाही आणि धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो.

अँटिसीरमने पेशी सुटतात, हे तेव्हाही माहीत होते. परंतु पेशीच्या पृष्ठभागावर शेकडो प्रकारची प्रथिने असतात आणि संपूर्ण पेशी टोचलेल्या सशाच्या रक्तात त्यांतील बहुतेकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. त्या गर्दीतील कोणत्या प्रतिपिंडाने पेशी सोडवली, हे सांगण्याचा मार्ग नव्हता. ससा बदलला की सीरमही बदलत असे, ही अडचण वेगळीच.

केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली, तिने ही गर्दी पांगवली. लस टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतील बी-पेशी प्रत्येकी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवतात, पण बशीत त्या आठवडा-दोन आठवड्यांपलीकडे जगत नाहीत. मायलोमा या कर्करोगाच्या पेशी कितीही काळ वाढतात, मात्र अशा प्रयोगासाठी निवडलेल्या मायलोमा पेशींत डीएनएचे घटक पुन्हा वापरात आणणारे एक विकर नसते. या दोन पेशींचा संकर करायचा आणि हायपोझँथिन, अमिनोप्टेरिन व थायमिडीन असलेल्या माध्यमात त्यांना ठेवायचे. अमिनोप्टेरिनमुळे डीएनएचे घटक नव्याने बनवण्याची वाट बंद होते. मायलोमा पेशीला दुसरी वाट नसल्याने ती मरते, एकटी बी-पेशी आयुष्य संपल्याने मरते, आणि दोघींचे गुण घेतलेली संकरित पेशी, म्हणजे हायब्रिडोमा, तेवढी उरते. त्यानंतर द्रावण इतके विरळ करायचे की एका खळग्यात सरासरी एकाहून अधिक पेशी पडू नये. त्या एका पेशीची सगळी संतती, म्हणजे क्लोन, एकच प्रतिपिंड देत राहते; म्हणून ते ‘मोनोक्लोनल’.

पाठ्यपुस्तके साधारण येथे थांबतात. आसंजनाच्या, म्हणजे पेशींच्या चिकटण्याच्या, अभ्यासकांना या पद्धतीचे मोल वाटले ते आणखी एका कारणाने : जे शोधायचे ते आधी शुद्ध स्वरूपात हाती असण्याची गरज उरली नाही. पेशी जशीच्या तशी टोचावी, मिळालेल्या शेकडो हायब्रिडोमांचे द्रव पेशींवर एकेक करून घालून पाहावेत आणि पेशीची पकड सोडवणारे प्रतिपिंड तेवढे वेचून घ्यावे. त्याने काय धरले, हे मागाहून पाहता येते. चोर कोण हे ठाऊक नसताना प्रत्येक कुलपाला किल्ली लावून पाहण्यासारखाच हा उद्योग, पण तो फळाला आला.

१९८२ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे अशी दोन प्रतिपिंडे जाहीर केली. एकाचे नाव सीसॅट आणि दुसऱ्याचे जेजी२२. कोंबडीच्या गर्भातील स्नायूपेशींवर सीसॅट घातले की पसरलेल्या, टोकदार पेशी आपली टोके आत ओढून घेत, गोल होत आणि तळापासून सुटून माध्यमात तरंगू लागत. त्या मरत नसत. प्रतिपिंड धुऊन टाकले की पुन्हा बसत. पुढे हेच प्रतिपिंड स्तंभावर बसवून पेशींचा अर्क त्यातून सोडला, तेव्हा १२० ते १६० किलोडाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) यांच्या दरम्यानची ग्लायकोप्रथिने एकत्र पकडली गेली. फायब्रोनेक्टिनच्या स्तंभावर न टिकणारा ग्राही प्रतिपिंडाच्या स्तंभावर टिकला, कारण प्रतिपिंडाची पकड कितीतरी पटींनी घट्ट असते. १९८६ मध्ये एमआयटीतील रिचर्ड हाइन्स यांच्या गटाने त्यातील एका साखळीचा जनुकीय क्रम उलगडला आणि पेशीबाहेरचे फायब्रोनेक्टिन व पेशीच्या आतील ॲक्टिनचे तंतू यांना जोडणाऱ्या या रेणूला ‘इंटेग्रिन’ हे नाव दिले.

याच सुमारास प्रतिकारशास्त्रज्ञ वेगळ्या दाराने त्याच घरात शिरत होते. टिमथी स्प्रिंगर यांनी मिलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशींवरील मॅक-१ हा रेणू हेरला होता. नंतर अमेरिकेत त्यांच्या गटाने मारक टी-पेशींचे काम रोखणारी प्रतिपिंडे निवडून एलएफए-१ शोधला, आणि अल्फा आणि बीटा या दोन साखळ्यांनी बनलेल्या या दोन्ही रेणूंची बीटा साखळी एकच आहे, असे आढळले. क्रम जुळवून पाहिल्यावर कोंबडीच्या स्नायूपेशीतील ग्राही आणि पांढऱ्या पेशींवरील ग्राही एकाच कुटुंबातले निघाले. आज मानवातील १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्यांच्या जोड्यांतून होणारी २४ इंटेग्रिने आपण मोजतो. ती यादी उभी राहण्यात प्रतिपिंडांचा वाटा फार मोठा आहे.

प्रश्न : मी नागपूरला पीएच.डी. करते. बीटा-१ इंटेग्रिनला रोखणारे एआयआयबी२ हे प्रतिपिंड मी उंदराच्या एनआयएच-३टी३ पेशींवर वापरले, पण फायब्रोनेक्टिनवरची त्यांची पकड तसूभरही ढिली झाली नाही. दुसऱ्या एका विक्रेत्याकडून आणलेल्या प्रतिपिंडाने पेशी सुटल्या, परंतु नियंत्रण (कंट्रोल) म्हणून घातलेल्या प्रतिपिंडानेही त्या तितक्याच सुटल्या. माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की या पेशींत हा ग्राही कामाचाच नसावा. तसा निष्कर्ष काढावा का?

उत्तर : काढू नये, निदान इतक्यात तरी. आपले दोन्ही प्रयोग ग्राहीविषयी काहीच सांगत नाहीत. ते कुपीविषयी सांगतात.

पहिल्या प्रयोगाचे उत्तर सोपे आहे. एआयआयबी२ हे मानवी बीटा-१ विरुद्ध उंदीरवर्गातल्याच मोठ्या भावंडात, म्हणजे रॅटमध्ये, तयार केलेले प्रतिपिंड आहे. प्राण्याचे शरीर स्वतःच्या प्रथिनाविरुद्ध सहसा प्रतिपिंड बनवत नाही. मानवी प्रथिन टोचल्यावर ते जेथे आपल्या प्रथिनाहून वेगळे दिसते, तेथेच प्रतिपिंडे उठतात. रॅट आणि माउस यांची बीटा-१ साखळी जवळजवळ सारखी असल्याने रॅटला जो भाग परका वाटला, तो माउसच्या पेशीवरही नसतो. आपले प्रतिपिंड तेथे बसलेच नाही, मग रोखणार कशाला? उंदराच्या पेशींसाठी हॅम्स्टरमध्ये तयार केलेले एचए२/५ हे रोखणारे प्रतिपिंड वापरतात. एक सावधगिरी मात्र बाळगावी. उंदराच्या बीटा-१ विरुद्ध ९ईजी७ हे प्रतिपिंडही सर्वत्र मिळते आणि तेही ‘बीटा-१ विरोधी’ म्हणूनच विकले जाते, पण ते रोखत नाही. ग्राही कार्यक्षम आकारात आला की ते ओळखते आणि त्याला त्याच आकारात टिकवून धरते. यादीतील ग्राहीचे नाव पाहून प्रतिपिंड मागवणाऱ्याची फसगत होते ती अशी. क्लोनचे नाव पाहावे, आणि तो क्लोन कोणत्या प्राण्याच्या पेशींवर काय करतो, हे मूळ शोधनिबंधात वाचूनच मागणी नोंदवावी.

दुसऱ्या प्रयोगात माझा संशय सोडियम अझाइडवर आहे. जंतू वाढू नयेत म्हणून अनेक विक्रेते प्रतिपिंडाच्या कुपीत साधारण ०.०९ टक्के अझाइड घालतात. रंगवून ठेवलेल्या मृत पेशींना त्याचे काही वाटत नाही, परंतु जिवंत पेशीच्या श्वसनसाखळीतील सायटोक्रोम ऑक्सिडेझ ते बंद पाडते आणि ऊर्जेअभावी पेशी पसरू शकत नाही. आमच्याकडे एका वर्षी हेच घडले. दोन आठवडे आम्ही एका सुंदर आलेखाचे कौतुक करत होतो, आणि मग एका विद्यार्थ्याने नुसते अझाइड तेवढ्याच प्रमाणात घालून तोच आलेख काढून दाखवला. कुपीवरील बारीक अक्षरांत त्याची नोंद होती. ती आम्हीच वाचली नव्हती. अझाइडविरहित कुपी मागवावी, नाहीतर वापरापूर्वी डायलिसिस करून ते काढून टाकावे.

आता प्रयोग पुन्हा कसा लावावा, ते सांगतो. ९६ खळग्यांच्या पाटीत मिलीलीटरला १० मायक्रोग्रॅम या प्रमाणात फायब्रोनेक्टिन घालून ते तळावर बसू द्यावे आणि उरलेली जागा उष्णतेने विकृत केलेल्या बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनने भरून काढावी. तसे न केल्यास पेशी फायब्रोनेक्टिनखेरीज मोकळ्या प्लॅस्टिकलाही बसतात. काही खळग्यांत फक्त अल्ब्युमिन ठेवावे. पेशी उचलताना ट्रिप्सिन या प्रथिने कापणाऱ्या विकराऐवजी धातूंचे आयन काढून घेणारे ईडीटीए वापरावे, नंतर कॅल्शियम व मॅग्नेशियम असलेल्या, सीरम नसलेल्या माध्यमात त्या धुऊन घ्याव्यात आणि प्रतिपिंडाबरोबर पंधरा-वीस मिनिटे ठेवून मगच खळग्यांत सोडाव्यात. ३७ अंश सेल्सिअसला अर्धा तास पुरे होतो. तासनतास थांबल्यास पेशी स्वतःचे फायब्रोनेक्टिन बाहेर टाकू लागते आणि आपण कशाचा अभ्यास करतो आहोत, तेच कळेनासे होते. धुण्याची पायरी क्षुल्लक वाटते, पण निम्मे प्रयोग तेथेच बिघडतात. पिपेटची धार थेट तळावर सोडली की ज्या पेशी बसलेल्या होत्या त्याही उडतात, आणि सकाळी धुतलेली पाटी व दुपारी कंटाळून धुतलेली पाटी यांचे आकडे जुळत नाहीत. खळग्याच्या कडेने हळूच द्रव सोडावा, पाटी उलटी करून कागदावर टेकवावी आणि सर्व पाट्या एकाच व्यक्तीने धुवाव्यात. नंतर क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून ५७० नॅनोमीटरच्या आसपास वाचन घ्यावे.

नियंत्रणांत केवळ त्याच वर्गाचे, कशालाही न बसणारे प्रतिपिंड असणे मला अपुरे वाटते. ग्राहीवर बसणारे, पण त्याचे काम न रोखणारे प्रतिपिंड हे खरे नियंत्रण होय. मानवी पेशींसाठी के२० त्या कामी येते. त्यामुळे पेशी सुटण्याचे कारण ग्राहीवर काहीतरी बसणे हे नसून विशिष्ट जागी बसणे हे आहे, असे ठामपणे म्हणता येते. ईडीटीए घातलेले खळगेही ठेवावेत, कारण द्विसंयुजी धातूंचे आयन काढून घेतले की सर्वच इंटेग्रिने निकामी होतात आणि जास्तीत जास्त किती पेशी सुटू शकतात, याची मर्यादा कळते.

जागेचे महत्त्व किती असते, याचे बीटा-१ इतके बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. टीएस२/१६ हे प्रतिपिंड पेशीची पकड वाढवते, तर इतर अनेक प्रतिपिंडे ती तोडतात. अशी रोखणारी आणि उत्तेजित करणारी प्रतिपिंडे कोठे बसतात, हे १९९३ मध्ये तपासले गेले, तेव्हा दोन्ही प्रकारची प्रतिपिंडे २०७ ते २१८ या अवघ्या बारा अमिनो आम्लांच्या पट्ट्यावर येऊन बसतात, असे दिसले. म्हणजे रोखणारे प्रतिपिंड दारात आडवे पडून फायब्रोनेक्टिनला अडवते, हे आपल्या डोक्यातील चित्र पुष्कळ वेळा चुकीचे असते. ग्राहीचे दोन आकार असतात, एक धरणारा आणि एक सैल. प्रतिपिंड त्यांपैकी एका आकारात ग्राहीला अडकवून ठेवते. याच कारणाने माध्यमात मँगनीज असेल, तर तेच प्रतिपिंड कमी प्रभावी ठरू शकते, कारण मँगनीज ग्राहीला विरुद्ध बाजूला ओढते.

आणखी एक गोष्ट आपल्या पुढील कामासाठी सांगून ठेवतो. प्रतिपिंडाला दोन हात असतात आणि ते शेजारशेजारच्या दोन ग्राहींना एकत्र बांधते. असा जमाव झाला की पेशीला तो आधाराशी झालेला स्पर्श वाटतो आणि आत संदेश सुरू होतात. केवळ चिकटणे मोजायचे असेल, तर एक वेळ चालून जाते. आतील किनेझांचे (संदेश पुढे नेणाऱ्या विकरांचे) फॉस्फोरिलेशन, म्हणजे त्यांना फॉस्फेट जोडले जाणे, मोजायचे असेल, तर एकाच हाताचा तुकडा, म्हणजे फॅब, वापरावा. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिने आकारमानानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीत, हीच प्रतिपिंडे वापरणार असाल, तर नमुन्यात मर्कॅप्टोइथेनॉल घालू नये. बीटा साखळी डायसल्फाइड बंधांनी घडी घातलेली असते. मर्कॅप्टोइथेनॉलने ते बंध तुटले की आकार ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला तेथे काहीच ओळखीचे उरत नाही. आणि कधी ई-कॅडहेरिनकडे, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या ग्राहीकडे, वळलात, तर ट्रिप्सिन व ईडीटीए एकत्र कदापि वापरू नये : कॅल्शियम काढून घेतलेले कॅडहेरिन ट्रिप्सिन कापून टाकते, कॅल्शियम असताना मात्र ते शाबूत राहते. जपानमध्ये मासातोशी ताकेइची यांनी कॅडहेरिनांचा माग काढला, तो याच फरकावरून.

प्रश्न : आमच्या नात्यातील एका बाळाची नाळ महिना उलटला तरी पडली नाही, बेंबीपाशी संसर्ग झाला आणि रक्तात पांढऱ्या पेशी फार वाढल्या आहेत. डॉक्टरांनी ‘सीडी१८’ तपासणी सांगितली आहे. ही तपासणी कशाची असते? (रत्नागिरी)

उत्तर : बाळाचे निदान डॉक्टरच करतील, तपासणीमागचे तत्त्व तेवढे येथे सांगतो. वर ज्या एलएफए-१ आणि मॅक-१ यांचा उल्लेख आला, त्यांची सामाईक बीटा साखळी म्हणजेच सीडी१८. पांढरी पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला याच ग्राहींनी घट्ट धरते आणि मग भिंतीतून बाहेर संसर्गाच्या जागी जाते. या साखळीचे जनुक दोन्ही पालकांकडून सदोष आले, तर पेशी रक्तातच फिरत राहतात. म्हणून रक्तात त्यांची संख्या फार वाढलेली दिसते, जखमेत मात्र पू धरत नाही आणि नाळ पडायला उशीर होतो. नाळ उशिरा पडणाऱ्या प्रत्येक बाळाला हा आजार असतो, असे मात्र मुळीच नाही.

तपासणीत थोड्याशा रक्तात सीडी१८ विरुद्धचे, चमकणारा रंग जोडलेले मोनोक्लोनल प्रतिपिंड मिसळतात आणि फ्लो सायटोमीटरमधून एकेक पेशी लेझरसमोरून जाऊ देतात. निरोगी बाळाच्या पेशी लखलखतात. तीव्र स्वरूपाच्या आजारात सीडी१८ चे प्रमाण सामान्याच्या २ टक्क्यांहूनही कमी भरते, तर वाहक आईवडिलांत ते सामान्याच्या साधारण निम्मे असते. महाराष्ट्रात अशा आजारांच्या तपासणीचे काम मुंबईला परळ येथे केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था करते. क्वचित एखाद्या बाळात सीडी१८ पुरेसा दिसतो, तरीही लक्षणे तीच राहतात, कारण ग्राही जागेवर असला तरी तो कार्यक्षम आकारात येत नाही. तेव्हा नुसती मोजणी पुरत नाही. पेशीला उत्तेजित करून, ग्राहीचा केवळ कार्यक्षम आकार ओळखणारे प्रतिपिंड वापरावे लागते. तीव्र प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मुख्य कायमचा उपाय असल्याने तपासणीत दिरंगाई करू नये.

प्रश्न : प्रतिपिंडे मिळवण्यासाठी उंदराच्या पोटात गाठ वाढवतात, असे वाचून अस्वस्थ झाले. हे आजही आवश्यक आहे का? (पुणे)

उत्तर : बहुतेक कामांसाठी नाही. पूर्वी हायब्रिडोमा उंदराच्या उदरपोकळीत वाढवून तेथे साचणारे पाणी काढत असत आणि उंदराला त्याचा त्रास होत असे. आता तीच पेशी बाटलीत किंवा बायोरिॲक्टरमध्ये वाढवतात. सुरुवातीचे लसीकरण पुष्कळदा अजूनही प्राण्यावरच होते, पण एकदा प्रतिपिंडाचा जनुकीय क्रम वाचून घेतला की पुढे ना उंदीर लागतो, ना मूळ हायब्रिडोमा. असा क्रम वाचून घेण्याचे आणखी एक सबळ कारण आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १८५ हायब्रिडोमा तपासले गेले, आणि त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश हायब्रिडोमांत जड व हलक्या साखळ्यांच्या अपेक्षित जोडीखेरीज प्रतिपिंडाची आणखी एखादी साखळी बनत असल्याचे आढळले. ‘मोनोक्लोनल’ या शब्दावर आपण जितका विसंबून राहतो, तितका तो सगळीकडे खरा नसतो.

प्रश्न : कोलर आणि मिलस्टाइन यांनी आपल्या शोधाचे पेटंट घेतले नव्हते, हे खरे का?

उत्तर : खरे आहे. ब्रिटनमधील ज्या सरकारी महामंडळाकडे हा विषय गेला होता, त्याला या शोधाचा तातडीचा व्यावहारिक उपयोग दिसला नाही. १९८४ मध्ये त्या दोघांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, तोवर या शोधावर व्यवसाय उभे राहू लागले होते. मिलस्टाइन आपल्या पेशी मागेल त्या प्रयोगशाळेला देत असत, आणि आसंजनाच्या क्षेत्राला या रिवाजाचा मोठा लाभ झाला. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात हायब्रिडोमांची एक पेढी आहे; तिची स्थापना १९८६ मध्ये झाली. संशोधक आपले हायब्रिडोमा तेथे ठेवतात आणि पेढी त्यांचे प्रतिपिंड माफक दरात पुरवते. नागपूरच्या विद्यार्थिनीचे एआयआयबी२ तेथे आहे, आणि १९८२ मधील सीसॅट व जेजी२२ हीसुद्धा तेथून मागवता येतात. फक्त ती कोंबडीच्या पेशींसाठी आहेत, एवढे मागणी नोंदवताना ध्यानात ठेवावे.